मंगळवारचं मयत

शेडगे काका दर मंगळवारी मयताला जायचे. मयत पाचशे वर्षांपूर्वीचं होतं आणि लाकडाचं होतं, पण म्हणून काकांच्या तयारीत काही कमी नसायचं. पांढरा शर्ट, हातात छत्री, चेहरा उतरलेला, मोबाईल बंद. म्युझियमचं दार उघडलं की कोणाशी एक शब्द न बोलता थेट मागच्या दालनात. तिथे हात पुढे बांधून उभं राहायचं, मधूनच उसासा टाकायचा आणि निघायचं. काउंटरवरची मुलगी दर वेळी गोड आवाजात 'आउफ विडरझेन', म्हणजे पुन्हा भेटू, म्हणायची. काका मान खाली घालून तिच्या समोरून निघून जायचे.

शेवटी तिने मलाच विचारलं, "तुमच्या ओळखीचे हे गृहस्थ इतके उर्मट का आहेत?"

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं शोभा, मयताहून निघताना कोणी 'येतो' म्हणतं का? तिच्या घरच्यांनी शिकवलं नाही वाटतं."

घरी आले की इमारतीच्या मागच्या बागेतल्या नळावर पाय धुतल्याशिवाय ते वर चढायचे नाहीत. थंडीत नळ बंद असायचा, तेव्हा बाटलीतून पाणी घेऊन दारातच धुवायचे. खालच्या मजल्यावरच्या ब्रॉइनिंग आजींनी वैतागून जिन्यात कागद चिकटवला, की कृपया जिन्यात पाणी सांडू नये. काकांनी तो वाचला आणि खाली लिहिलं, 'मान्य. शेडगे.' आणि पाय धुतले.

मी त्या म्युझियममध्ये साफसफाईला होते. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही आठवी पुरती झाली नाही. माझा नवरा दत्ता स्टुटगार्टजवळच्या एका इंडियन हॉटेलात कूक. त्याचा व्हिसा हॉटेलाला बांधलेला आणि मी त्याला बांधलेली. त्यामुळे या देशात आल्यापासून मी सगळ्यांचे आभार मानत सुटले होते. बस थांबली की ड्रायव्हरचे, ऑफिसातल्या बाईने कागद परत केले की तिचे, दार कोणी माझ्या तोंडावर लावलं तरी तोंडातून 'डांके' निघून जायचं. एकदा बसस्टॉपवर मी फोनवर आईशी बोलत होते. बाजूला छत्री घेऊन उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बार्शीकडची का गं तू?" मी घाबरून त्यांचेही आभार मानले. ते शेडगे काका.

काका साताऱ्याकडचे. सत्तरच्या दशकात गेर्लिंगेनच्या मोठ्या कंपनीत टूलरूमला लागले, तिथेच निवृत्त झाले. बायको जर्मन होती, गिझेला. ती वारली. मुलगा येना नावाच्या दूरच्या शहरात, चष्म्याच्या काचांपासून दुर्बिणीपर्यंत काय काय बनवतात तिथे नोकरीला. काका त्याच्याशी मराठीत बोलत आणि तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. "कळतं सगळं त्याला," काका म्हणायचे, "कळून घेत नाही."

म्युझियमची नोकरी मला काकांनीच मिळवून दिली. तिथल्या प्रमुख केलरबाईंना त्यांनी काय सांगितलं कोणास ठाऊक, पण पहिल्याच दिवशी बाईंनी मला बजावलं, की जमीन पुसायची, खिडक्या पुसायच्या, लाकडी मूर्तींना मात्र बोटसुद्धा लावायचं नाही, त्यांची धूळ काढायला वर्षातून एकदा खास माणूस येतो. मी हे काकांना सांगितलं तर ते खूश. "आल्झो, म्हणजे यांच्यातही सोवळं आहे म्हणायचं. आपण उगाच यांना नावं ठेवतो."

आता त्या मयताबद्दल सांगते. आमच्या इथल्या गावात पूर्वी मोठा मठ होता. त्याचं एक दार आणि धान्याचं कोठार तेवढं उरलंय, आणि कोठारातच म्युझियम आहे. मठाच्या चर्चमध्ये वेदीच्या मागे दोन पुरुष उंचीची कोरीव लाकडी भिंत होती. मरीयेचा सगळा जन्म एकेका फळीवर उठावात कोरलेला. पुढे राजाने मठ बरखास्त केले, साधूंना हाकललं, ती भिंत मोडली आणि फळ्या कुठल्या कुठे गेल्या. आमच्याकडे एकच उरली. मरीयेचा मृत्यू. पलंगावर ती पडलेली आणि भोवती बारा पुरुष दाटीवाटीने उभे. पुढचे पूर्ण कोरलेले, त्यांच्या मागचे अर्धे, आणि अगदी मागच्यांची नुसती डोकी.

"मयताला असंच असतं," काका म्हणायचे. "पुढे चार माणसं, मागे नुसती डोकी."

त्या बारा जणांना काकांनी नावं दिली होती. मेणबत्ती धरलेला तो त्यांचा थोरला भाऊ. "हात मेणबत्तीला, नजर उशीकडे. उशीखाली किल्ल्या आहेत का बघतोय." पुस्तक वाचणारा मधला भाऊ. "हा पोथी वाचत नाही, सातबारा वाचतोय." निखाऱ्यांवर फुंकर मारणारा एक गाल फुगवलेला होता, तो त्यांचा चुलता. "याचं आयुष्य फुंकर मारण्यात गेलं. आमच्या घरात आग लागली ती याच्यामुळे." हे सगळं ते मराठीत पुटपुटायचे आणि शाळेच्या सहलीची मुलं त्यांच्याकडे कुतूहलाने बघत राहायची. एकदा गाइडने मुलांना सांगितलं, की राजाने मठाची मालमत्ता ताब्यात घेतली. काका मागून शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले, "ताब्यात नाही घेतली, वाटणी झाली. राजा थोरला भाऊ होता." मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

वाटणीचं वेड काकांना सगळीकडे होतं. बेकरीत आवडता ब्रेड संपला की 'वाटणीत गेला'. कंपनीचे दोन विभाग वेगळे झाले, वाटणी झाली. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी पुण्याच्या एका इंजिनिअरला विचारलं, "मूर्ती तुमची, मखर यांचं, आरतीचं ताट तिसऱ्याचं. उद्या भांडलात तर देव कोणाकडे?" त्या वर्षापासून मंडळाने त्यांना निरोप धाडणं बंद केलं. मलाही फारसं कोणी बोलावत नव्हतंच. नवरा कुठल्या कंपनीत, असं तिथल्या बायका विचारायच्या आणि हॉटेल म्हटलं की त्यांना अचानक भाजीत मीठ बघायला जायचं असायचं.

एकदा मी त्या फळीसमोरची जमीन पुसत होते आणि काकांनी मला जवळ बोलावलं. "तू टाक पाहिलेत ना देवाचे?"

म्हटलं, "आमच्या घरी होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले. खंडोबा, भवानी, आणि एक आजोबांचा."

"मग हे काय वेगळं आहे? टाक मागून पोकळ, पुढून देव. ही फळीपण मागून पोखरलेली आहे, मी विचारून घेतलंय. मागून पोकळ, पुढून देव." मग म्हणाले, "आमचे टाक थोरल्याकडे गेले. मधल्याला विहिरीकडची जमीन. मला म्हणाले, माधवा, तुला जर्मनी आहे."

त्यांनी हे हसत सांगितलं. मीही हसले. कुठे हसायचं नसतं ते मला या देशात अजून नीट कळत नव्हतं.

मग एके दिवशी केलरबाईंनी आम्हा सगळ्यांना सांगितलं, की त्याच भिंतीची आणखी एक फळी सापडलेली आहे. येनाच्या पलीकडे एका छोट्या शहरातल्या म्युझियममध्ये ती कित्येक वर्षं लटकत होती, ती आपलीच असल्याचं आता सिद्ध झालंय, आणि उन्हाळ्यापुरती ती इथे येणार, आपल्या फळीशेजारी लागणार. तिच्यावर तीन राजे बाळाला भेटवस्तू घेऊन आलेत.

मी काकांना फोन केला.  ते म्हणाले, "सख्खा भाऊ. दोनशे वर्षांनी घरी येतोय." आणि मग, "बाळंतविडा घेऊन येतोय, बघ. आईच्या मयताला बाळंतविडा. आमच्यासारखंच घराणं आहे."

त्यानंतर काकांना दुसरं काही सुचेना. पेटी कधी येणार, कुठल्या गाडीतून येणार, सोबत कोण येणार. पेटी आली की लगेच उघडत नाहीत, आधी एक दिवस तशीच ठेवतात, लाकडाला इथली हवा मानवावी म्हणून, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "प्रवासातून आलेल्या माणसाला आधी टेकू द्यायचं असतं. आमच्या घरात हे कोणाला कळलं नाही." आणि आदल्या दिवशी म्हणाले, "शोभा, उद्या एक ज्वारीची भाकरी करून दे मला. ताजी."

मी दिली. मला वाटलं, खावीशी वाटली असेल. ज्वारीचं पीठ स्टुटगार्टच्या इंडियन दुकानातून आणलेलं, भाकरी छान फुगली होती, काकांनी कौतुक केलं याचा मला आनंदच झाला.

तो सोमवार होता, म्युझियम बंद. मागच्या दाराशी गाडी लागली. पांढरे हातमोजे घातलेले दोघेजण पेटी खाली उतरवत होते. सोबत त्या शहरातल्या म्युझियमची एक बाई आली होती, पेटीला नजरेआड न करणारी. केलरबाई दारात. मी बादली घेऊन कोपऱ्यात. आणि कोठाराच्या कडेने काका आले, पांढरा शर्ट घालून, एका हातात माझी भाकरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी पेटीवरून भाकरतुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, अर्धा तुकडा डावीकडे टाकला, अर्धा उजवीकडे. पाणी टाकताना त्यातलं थोडं पेटीवर उडालं. उजवीकडचा तुकडा फुटून चुरा थेट दाराच्या आत गेला.

"हाल्ट," ती सोबतची बाई म्हणाली.

 घरी आलेल्या माणसाला दारातून आत घेताना भाकरतुकडा ओवाळतात एवढंच आम्हाला ठाऊक. पण ज्या घरातल्या माणसांना लाकडातल्या किड्याची वाघासारखी भीती वाटते, तिथे भाकरीचा चुरा आणि पाणी म्हणजे काय, हे मला तेव्हा केलरबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. तिथे आम्हाला डबासुद्धा आत नेता येत नसे. सोबतच्या बाईने पेटी परत गाडीत चढवायला लावली. म्हणाली, ही जागा पूर्ण साफ होईपर्यंत मी पेटी सोडणार नाही, आणि कदाचित सोडणारच नाही. केलरबाईंनी जमिनीवरचा एक तुकडा उचलून माझ्याकडे बघितलं. असली जाडी पोळी त्यांनी माझ्या डब्यात पाहिली होती.

"हे कोणी आणलं?"

"मी," काका म्हणाले. "मीच भाजली."

ज्यांना चहाचं पाणी किती उकळू द्यायचं कळत नव्हतं, ते काका. मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे वळले आणि चेहऱ्यावर देवळातल्या पुजाऱ्यासारखं हसू ठेवून मराठीत म्हणाले, "तोंड मीट, शोभा. दत्ताचा व्हिसा पुढच्या महिन्यात वाढवायचाय ना? मग तुला भाकरी येत नाही. भाकरी म्हणजे काय ते तू आत्ता पहिल्यांदा बघतेयस. मान हलव."

मी मान हलवली.

"काय म्हणताय तिला?" केलरबाई.

"तिने मला अडवायचा प्रयत्न केला होता, ते चुकून ऐकलं नाही, त्याची माफी मागतोय." आणि पुन्हा मराठीत, तितक्याच गोड आवाजात, "रडू नको. रडलीस तर या बाईला संशय येईल. इथे रडलं की चौकशी होते."

दुपारभर मी तो उंबरा तीन प्रकारच्या फडक्यांनी पुसला. संध्याकाळी पेटी आत गेली. माझी नोकरी राहिली. काकांना हाउसफरबोट लागलं, म्हणजे वर्षभर त्या दारात पाय ठेवायचा नाही. आणि पाहुणी फळी राहणार होती फक्त उन्हाळा.

मी केलरबाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला गेले आणि आधीच आभार मानून मोकळी झाले. म्हटलं, त्यांना एकदाच येऊ द्या, मी सोबत उभी राहीन, त्यांचे हात धरून ठेवीन. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "लायडर." हा शब्द मी या देशात फार ऐकला. दुःख झालंय, पण होणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे निदान दोन्हींपैकी एकच सांगतात.

तेव्हापासून रोज सकाळी म्युझियम उघडायच्या आधी मी त्या दोन फळ्यांसमोर उभी राहून काकांना फोन करायचे आणि ते माझी उलटतपासणी घ्यायचे.

"आल्झो, कसे दिसतात?"

"काका, चांगले दिसतात."

"चांगले म्हणजे काय? लग्नाला आलेत का ते? तुला डोळे आहेत की बटणं? नीट सांग."

म्हटलं, "त्याच्यावर रंग आहे. राजांच्या अंगावर सोनेरी वर्ख आहे, गाल लाल आहेत. आपलं नुसतं लाकूड आहे."

आपल्या फळीचा रंग कोणीतरी पूर्वी खरवडून काढला होता, लाकूड सुंदर दिसावं म्हणून. हे काकांना माहीत होतं. तरी त्यांना ते लागलं. "त्याचा रंग राहिला म्हणतेस. वाटणीत रंग त्याच्याकडे गेला." मग म्हणाले, "म्हणजे भाऊ वाटत नाहीत?"

"नाकं सारखी आहेत, काका."

"नाकं असतातच सारखी. तेवढंच राहतं."

मी म्हटलं, फोटो काढून पाठवते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, घरी बसून बघा. ते एकदम तुटकपणे म्हणाले, "नको. आईचं मयत मी फोटोतच पाहिलं. पुरे झालं ते."

मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनीच सांगितलं. तार उशिरा आली. निघायची तयारी केली तेव्हा गावाहून निरोप आला, की तेरावं झालं, वाटणीही झाली, आता येऊन काय करणार. नंतर पाकिटातून एक फोटो आला. पुढे चार माणसं उभी, मागे नुसती डोकी.

उन्हाळा सरत आला. फळी परत जायच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळी फोन केला, काकांनी उचलला नाही. पुन्हा केला. दुपारी केला. रात्री दत्ता म्हणाला, म्हातारा माणूस आहे, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी मी काम आटपून थेट त्यांच्या घरी गेले. दार बंद. घंटा वाजवली, दार ठोठावलं. माझ्या डोक्यात जे जे येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ब्रॉइनिंग आजींना विचारलं. बेकरीत विचारलं. म्युझियमच्या काउंटरवर, औषधाच्या दुकानात, बसच्या ड्रायव्हरला. पोलिसांना फोन करायला मला त्या भाषेत वाक्य जुळेना, म्हणून मी त्यांच्या पायरीवर बसून वाक्य जुळवत होते, तेवढ्यात काका समोरून आले. हातात छत्री, पाठीला छोटी सॅक, चेहरा उन्हाने लाल.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. इतक्या मोठ्या माणसाला असं बोलायचं धाडस मला कुठून आलं कोणास ठाऊक. "अहो काका, फोन तरी उचलायचा. आम्ही इथे जिवंत आहोत की मेलो ते बघायचं नाही का? कुठे गेला होतात?"

"तिकडे," काका म्हणाले. "तो जिथून आलाय तिथे."

मला आधी कळेना. मग कळलं. येनाच्या पलीकडच्या त्या शहरातल्या म्युझियममध्ये. तिथे त्यांना कोणी बंदी घातलेली नव्हती.

"पण काका, फळी तर इथे आहे. तिथे काय बघितलंत?"

"जागा बघितली." ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. "भिंतीवर पांढरा चौकोन पडलाय. दोन खिळे आहेत. खाली पाटी, की बाहेरगावी गेलाय. मी तिथे बसून राहिलो. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, बाबा रे, कोणी चौकशी करतं का याची? तर म्हणतो, रोज. रोज कोणीतरी विचारतं, कुठे गेला, कधी येणार. एक म्हातारी तर म्हणे दर रविवारी येऊन त्या भिंतीवर रागावून जाते." काका जरा हसले. "चांगलं वाटलं गं. रात्री गास्टहाउसमध्ये राहिलो. सकाळी पुन्हा जाऊन बसलो."

"येनाला उतरला नाहीत? मुलाकडे?"

"गाडी थांबली होती तिथे. मी खिडकीतून बघितलं." छत्रीचं टोक त्यांनी फरशीच्या फटीत घातलं. "त्याच्याकडे जायचं तर आधी टेर्मिन घ्यावा लागतो, भेटीची वेळ ठरवून. नव्हता घेतलेला."

  मग काका सॅकचे बंद सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू फोन केलेस म्हणालीस."

"कालपासून करतेय."

"आणि काय केलंस?"

"काय करणार? विचारत फिरले."

"कोणाकोणाला विचारलंस?"

मी सांगितलं. ब्रॉइनिंग आजी, बेकरीतली बाई, औषधाचं दुकान, बसचा ड्रायव्हर.

"बेकरीतली बाई काय म्हणाली?"

"म्हणाली, काल सकाळी आले नाहीत, आजही नाही, बरं नाही का त्यांना?"

"असं म्हणाली?"

"हो."

"बरं नाही का, असं?"

"हो काका. तसंच."

त्यांनी मान हलवली. सॅकचे सोडलेले बंद पुन्हा बांधले. "आणि ड्रायव्हर?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांग. घाई नाहीये मला."